भिंतीतल्या नळीला वाली कोण?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पत्नीचा दमा उसळला म्हणून शहरातल्या एका खासगी रुग्णालयात चार रात्री काढाव्या लागल्या. तिची खाट सहा नंबरची. डॉक्टर वेळेवर येत, सिस्टर मायेने वागत, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पहिल्या रात्री दोनच्या सुमारास वॉर्ड निजला आणि शेजारच्या भिंतीतून आवाज यायला लागला. बारीक, एकसारखा, न थांबणारा सूऽऽ. सत्तावीस वर्षं मी रुग्णालयाच्या मॅनिफोल्ड रूममध्ये, म्हणजे जिथे सिलिंडर जोडून गॅस लाइनमध्ये सोडतात त्या खोलीत, नोकरी केली. हा आवाज मला झोपेतही ओळखू येतो.

उठून पाहिलं. पाच नंबरची खाट रिकामी होती आणि तिच्या डोक्याशी असलेला ऑक्सिजनचा आउटलेट, म्हणजे भिंतीतल्या गॅसलाइनचं तोंड, गळत होता. कुणीतरी त्याच्या तोंडावर गॉझची घडी ठेवून वरून चिकटपट्टी मारली होती. पट्टीची एक कड सुटलेली आणि वाऱ्यावर पतंगाचा कागद फडफडावा तशी ती गॅसच्या जोराने फडफडत होती. वॉर्डबॉयला हाक मारली. तो म्हणाला, "काका, तो असाच वाजून राहिला दोन महिन्यांपासून. मेंटेनन्सवाल्याले सांगितलं आहे."

हे पत्र त्या एका आउटलेटसाठी नाही, पण त्याचा हिशेब आधी मांडतो. ही गळती मिनिटाला दोन लिटर धरा. दिवसाचे २,८८० लिटर होतात. ज्याला आम्ही जम्बो म्हणतो त्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर गॅस असतो, म्हणजे अडीच दिवसांत एक जम्बो हवेत. महिन्याला बारा. एका इमारतीत असे पाच आउटलेट असले तर महिन्याला साठ जम्बो कुणाच्याही छातीत न जाता भिंतीपाशी संपतात आणि त्यांचं बिल रुग्णालय भरतं, म्हणजे शेवटी रुग्णच भरतो. दोन महिने दुर्लक्षिलेल्या त्या आउटलेटमध्ये बिघडलेली वस्तू बहुधा एक रबराची ओ-रिंग असते, काही रुपयांची. चांगल्या आउटलेटला मागच्या बाजूला स्वतःची झडप असते, त्यामुळे वॉर्डचा पुरवठा बंद न करता रिंग बदलता येते. सवयीच्या हाताला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पैशापेक्षा मला त्या गॉझची भीती वाटली. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जे पेटू शकतं त्याला तो वेड लावतो. आपल्या श्वासाच्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, २३.५ टक्क्यांच्या वर गेला की ती जागा धोक्याची मानतात. ऑक्सिजनमध्ये दोन महिने मुरलेला कापूस, त्याच्या हातभर खाली मोबाइल चार्जरचं प्लग पॉइंट आणि भोवती पडदे, गाद्या. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागून दहा तान्ही लेकरं गेली. त्या आगीचं कारण हेच होतं असं मी म्हणत नाही. पण भंडारा आमच्या नागपूरपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे, आणि ती बातमी आल्यापासून वॉर्डातली एकही गळती मला किरकोळ वाटत नाही.

सकाळी व्यवस्थापकांना भेटलो. ते सज्जनपणे म्हणाले, "उद्या प्लंबरला पाठवतो." त्या शब्दापाशी मी अडलो आणि म्हणून हे पत्र लिहितो आहे.

ऑक्सिजन कायद्याने औषध आहे. तो बनवायला औषध म्हणून परवाना लागतो, त्याची शुद्धता औषधकोशात ठरलेली आहे. मग जी नळी हे औषध खाटेपर्यंत नेते ती सलाइनच्या नळीसारखी मानायची की न्हाणीघरातल्या पाइपसारखी? आपल्याकडे इमारत बांधताना ती प्लंबिंगच्या खात्यात पडते आणि उद्घाटनानंतर कुणाच्याच खात्यात राहत नाही. डॉक्टरांना वाटतं मेंटेनन्स बघतो, मेंटेनन्सला वाटतं गॅस पुरवणारी कंपनी बघते, कंपनी म्हणते आमचं काम सिलिंडर आणून द्यायचं.

हे काम प्लंबरचं का नाही, ते मी हातावर पाहिलं आहे. आमच्या रुग्णालयात एका जुन्या मजल्यावरची तांब्याची लाइन बदलायची होती. मी नळीचा एक हातभर तुकडा कापला आणि तळहातावर ठोकला. आतून काळे पापुद्रे पडले, भाकरीच्या तव्याची काजळी खरवडल्यासारखे. तांब्याचे जोड चांदीमिश्रित कांडीने तापवून भरतात, त्याला ब्रेझिंग म्हणतात. ते करताना नळीतून नायट्रोजन सोडत राहावा लागतो. तो सोडला नाही तर आतलं तांबं हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून काळं पडतं आणि पुढे वर्षानुवर्षं ती काजळी गॅसबरोबर सुटत राहते, व्हेंटिलेटरच्या गाळणीत जाऊन बसते. बाहेरून जोड सोन्यासारखा चमकतो, आतलं कुणाला दिसत नाही. नायट्रोजनचं एक सिलिंडर वाचवलं की कंत्राटदाराचे थोडे पैसे वाचतात. नळीही साधी चालत नाही. मेडिकल गॅससाठीची, आतून तेलाचा अंश काढलेली, दोन्ही तोंडं बंद करून आलेली लागते. माझे उस्ताद साइटवर आलेल्या नळ्यांची टोपणं आधी मोजायचे. टोपण नसलेली नळी परत.

तेलाचं तर विचारूच नका. भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५० किलोचा दाब असतो. त्या दाबाच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागलं तर ठिणगीचीही गरज नसते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी सायकलची साखळी चढवून तसाच ड्युटीवर आलो होतो. उस्तादांनी माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि हात धुऊन, नखं दाखवून मगच आत येऊ दिलं. तेव्हा राग आला होता.

दोन वायूंची अदलाबदल तर त्याहून भयंकर. २०१६ साली इंदूरच्या सरकारी रुग्णालयात नव्या ऑपरेशन थिएटरमध्ये ऑक्सिजनच्या जागी भुलीचा नायट्रस ऑक्साइड जाऊन दोन लेकरं दगावली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या बँक्सटाऊन-लिडकम रुग्णालयात अगदी तीच चूक झाली; एक नवजात बाळ गेलं, दुसऱ्याला कायमची इजा झाली. श्रीमंत देश, नियमांची जाडजूड पुस्तकं, तरी नळी चुकीच्या नळीला जोडली गेली आणि लाइन सुरू करण्याआधीच्या तपासणीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ही चूक पकडणारी चाचणी अवघड नाही. एका वेळी एकाच वायूची लाइन भरायची, बाकी सगळ्या शून्यावर आणायच्या आणि मजल्यावरचा प्रत्येक आउटलेट, हो, प्रत्येक, उघडून बघायचा. मग ऑक्सिजन ॲनालायझर लावायचा: ऑक्सिजनच्या आउटलेटला शंभराच्या जवळ, हवेच्या आउटलेटला २१, नायट्रसला शून्य. शंभर खाटांच्या इमारतीत याला एक-दोन दिवस लागतात. उद्घाटनाची तारीख जवळ आली की सगळ्यात आधी हेच दिवस कापले जातात. भिंत फोडून लाइन वाढवली, एखादा जोड बदलला, तरी ही चाचणी पुन्हा करावी लागते, हे अनेकांच्या गावीही नसतं.

खरेदीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वीस वर्षांचं दुखणं तिथे ठरतं. निविदा निघते, एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दराचा निवडला जातो. सरकारी कामात कमी दर बघायलाच हवा, त्यावर माझा आक्षेप नाही. पण निविदेत "ऑक्सिजन आउटलेट, नग १२०" एवढंच लिहिलं तर कमी दराचा माणूस कमी दराचंच देणार. आमच्याकडे नवा मजला चढला तेव्हा असंच झालं. जुन्या मजल्यावर एका पद्धतीचे आउटलेट होते, नव्यावर दुसऱ्या पद्धतीचे आले. दोन्हींचे प्रोब, म्हणजे आउटलेटमध्ये बसणारी टोकं, वेगळे. खालचा फ्लोमीटर, म्हणजे रुग्णाला किती ऑक्सिजन जातो ते मोजणारं पाण्याच्या बाटलीचं उपकरण, वर बसेना.

एका रात्री खालून एक आजोबा वर हलवले. बरोबर आलेली सिस्टर फ्लोमीटर हातात घेऊन आउटलेटमध्ये ढकलत होती आणि तो आत जात नव्हता. तिने पुन्हा ढकलला, फिरवला, तळहाताने ठोकला. बाटलीतलं पाणी तिच्या ॲप्रनवर सांडलं. मी छोटं सिलिंडर ढकलत आणलं, तोवर दुसरी सिस्टर जिन्याने जाऊन वरच्या स्टोअरमधून योग्य फ्लोमीटर घेऊन आली. दोन-तीन मिनिटांचा खेळ. आजोबांना काही झालं नाही, पण त्या सिस्टरचे हात सकाळपर्यंत थरथरत होते आणि ती स्वतःलाच दोष देत होती. तिचा दोष नव्हता. ज्या टेबलावर तो कागद सही झाला तिथे ना तिला बोलावलं होतं, ना मला.

म्हणून विनंती एवढीच, की निविदेचा मसुदा करताना ज्यांना ही वस्तू रोज हातात घ्यायची आहे अशा दोघांना तरी बसवा: एक वॉर्डची इनचार्ज सिस्टर आणि एक मॅनिफोल्डवरचा माणूस. संपूर्ण रुग्णालयात आउटलेट एकाच पद्धतीचे असावेत. सुटे भाग किती वर्षं मिळणार ते लेखी घ्या. दुरुस्ती करणारा इंजिनिअर नागपुरात आहे की मुंबईहून येणार ते विचारा. मुंबईहून येणारा माणूस दुसऱ्या दिवशी पोहोचतो आणि श्वास थांबायला दुसरा दिवस लागत नाही. वार्षिक करारात नुसती भेट आहे की सुटे भागही आहेत ते वाचून घ्या, कारण 'एएमसी' या तीन अक्षरांखाली बहुतेक ठिकाणी फक्त येऊन सही करणं असतं. आणि काम संपल्यावर शेवटचं बिल देण्याआधी प्रत्यक्षात जशी लाइन गेली तिचा नकाशा हातात घ्या. आर्किटेक्टने आधी काढलेला नाही. भिंतीत जशी गेली तशी.

नागपूरच्या उन्हाळ्याचंही एक सांगतो, कारण हे बाहेरच्या पुस्तकात सापडणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कॉम्प्रेसर रूम, म्हणजे जिथून दाबलेली हवा लाइनमध्ये सोडतात ती खोली, भट्टी होते. यंत्र ट्रिप होतं. मग कुणीतरी खिडकीत डेझर्ट कूलर बसवतो, आपल्याकडचा सगळ्यांचा घरगुती उपाय. खोली गार होते, कॉम्प्रेसर चालू राहतो, सगळे खूश. पण त्याच खोलीतली ओली हवा कॉम्प्रेसर ओढतो. हवा कोरडी करणारा ड्रायर आधीच उन्हाने थकलेला. पाणी लाइनमध्ये उतरतं. एका जूनमध्ये आयसीयूतल्या व्हेंटिलेटरच्या वॉटर ट्रॅपमध्ये मी पाऊण वाटी पाणी पाहिलं. लाखो रुपयांचं यंत्र, आत पाणी. हवा ओढणारं तोंड खोलीबाहेर, उंचावर, जनरेटरच्या धुरापासून आणि व्हॅक्यूम पंपाच्या चिमणीपासून दूर हवं. खोलीला मोठे एक्झॉस्ट पंखे द्या, कूलर नको. आणि हवेच्या टाकीखालचा, पाणी काढायचा ड्रेन दिवसातून दोनदा हाताने उघडून बघा, तो आपोआप उघडणारा असला तरी.

आता लाइनचा दाब घसरला की वाजणाऱ्या अलार्मविषयी. हे लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो. लक्ष्मीपूजनाची रात्र होती, स्टाफ निम्मा. मी राउंडला आयसीयूत गेलो तर पॅनलवर लाल दिवा लागलेला, पण आवाज नाही. जवळ गेलो. बझरच्या भोकांवर प्लास्टरची पट्टी. त्या पॅनलला आधी सारखे खोटे अलार्म यायचे, कुणी दुरुस्त केलं नाही, म्हणून कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं होतं. लाइनचा दाब साडेचार किलोच्या आसपास असायला हवा, काटा तीनच्या जवळ. धावत मॅनिफोल्डवर आलो. चालू बाजूचे सिलिंडर संपलेले. यंत्र आपोआप दुसऱ्या बाजूवर गेलंही होतं, पण त्या बाजूला भरलेले सिलिंडर जोडून त्यांच्या चाव्या उघडायचं राहून गेलं होतं. दहा जम्बो भरलेले, दहाही बंद.

ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी झटक्यात उघडायची नसते. गॅस एकदम पुढे धावला तर नळीच्या टोकाशी दाबला जाऊन इतका तापतो की झडपेच्या आतली सीट, म्हणजे तिची गादी, पेटू शकते. वर सात माणसं व्हेंटिलेटरवर, आणि मला चावी कणाकणाने फिरवायची. पहिली उघडली, मग दुसरी. काटा हलला तसा मी जमिनीवर बसलो. कुणाला इजा झाली नाही. व्हेंटिलेटर बोंबलायला लागले होते, पण थांबले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मॅनिफोल्डच्या दाराला एक पाटी टांगली: 'जोडलं म्हणजे उघडलं नव्हे'. पुढची बारा वर्षं प्रत्येक पाळीला दोन सह्यांची वही चालवली, जाणाऱ्याची एक आणि येणाऱ्याची एक.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत साऱ्या देशाने ऑक्सिजन हा शब्द शिकला. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टँकपाशी गळती झाली, दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, विशाखापट्टणमहून द्रवरूप ऑक्सिजनचे टँकर घेऊन रेल्वे नागपूरला आली. त्या गाडीची बातमी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण शेकडो किलोमीटरवरून आलेला तो प्राणवायू टँकपासून खाटेपर्यंतच्या शेवटच्या दोनशे मीटरांत सांडू शकतो, हे नाशिकने दाखवलं होतं. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांचा असतो आणि एका लिटरचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. तो जिथे टँकरमधून उतरवतात तिथली जमीन सिमेंटची हवी, डांबराची नको. डांबरावर सांडलेला द्रव ऑक्सिजन नुसत्या ठोक्यानेही स्फोट करू शकतो. घाईत उभारलेल्या जागांवर मी टँकर डांबरी रस्त्यावर उभे पाहिले आहेत. त्या काळात बसवलेल्या, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पीएसए प्लांटचंही तेच. त्यातला झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे, ओलाव्याने मरतो, गाळण्या वेळेवर बदलाव्या लागतात. यंत्र बंद ठेवून जपलं जात नाही, चालवूनच जपावं लागतं.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ऑक्सिजन स्टुअर्डशिपचा, म्हणजे ऑक्सिजन जबाबदारीने सांभाळण्याचा, कार्यक्रम सुरू केला, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक प्रशिक्षित माणूस असावा म्हणून. कल्पना उत्तम आहे. पण जिल्ह्याला एक पुरत नाही. खाटा मोजून माणूस हवा, आणि पाळी तिन्ही.

स्फोटक आणि दाबाखालच्या वायूंची सुरक्षा बघणारी देशातली संस्था, पेसो, तिचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. २०१६ च्या नियमांनुसार सिलिंडर आणि मोठे टँक यांची परवानगी आणि तपासणी ती बघते. म्हणजे वायू रुग्णालयाच्या अंगणात येईपर्यंत त्याच्यावर नजर आहे. अंगणातून भिंतीत शिरल्यावर पुढे काय, हा माझा प्रश्न आहे. शुश्रूषागृहाच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना महापालिका अग्निशमनाचा दाखला मागते. त्याच वेळी गॅस पाइपलाइनचे तीन कागद मागितले तर काय बिघडेल? गेल्या वर्षभरातील गळती आणि अदलाबदलीच्या चाचणीचा दाखला, प्रत्यक्ष लाइनचा नकाशा, आणि तिन्ही पाळ्यांत जबाबदार असलेल्या माणसांची नावं. छोट्या पंचवीस खाटांच्या रुग्णालयाला यात फार खर्च नाही. गळती बघायला रात्रीतून एकदा, रुग्ण नसलेल्या थिएटरचा व्हॉल्व्ह बंद करून तासाभराने काटा पाहिला तरी निम्मी माहिती मिळते. फक्त गळतीची जागा शोधायला जोडांवर फेस लावाल तेव्हा अंगाचा साबण नको, त्यात चरबी असते; ऑक्सिजनला चालणारं द्रावण बाजारात मिळतं.

ज्या कुणा रुग्णालयाला हे शिकायचं असेल, मोठं असो की गल्लीतलं, त्यांनी आपल्या दैनिकामार्फत मला कळवावं. मी मानधन घेणार नाही. माझ्याकडे जुन्या वह्या आहेत आणि वेळ आहे.

पत्नीच्या वॉर्डातला आउटलेट तिसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. प्लंबर नव्हे, कंपनीचा मुलगा आला होता, त्याने रिंग बदलली. मी त्याला वॉर्डचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं, नकाशा कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदाराचा फोन लागत नव्हता. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "काका, आपणच शोधूया." नळीच्या मागोमाग भिंतीवरून बोट फिरवत आम्ही दाराजवळच्या लोखंडी कपाटापर्यंत आलो. कपाटात जुने केसपेपर भरलेले, जड. दोघांनी मिळून ते दीड फूट सरकवलं. मागे व्हॉल्व्हची पेटी होती, काचेवर भिंतीचा पिवळा रंग चढलेला. सिस्टरांनी टेबलावरून ब्लेड आणलं आणि रंग खरवडायला लागल्या.

आपला विश्वासू वाचक,
एक निवृत्त मेडिकल गॅस तंत्रज्ञ,
मानेवाडा, नागपूर